तळ्याभोवती उगीच

आमच्या वसाहतीचं नाव हेरॉन लेक इस्टेट्स. इथे बगळा नाही, लेक नाही आणि इस्टेट म्हणावी असं कुणाकडे काही नाही. एकशे बारा घरं आहेत, सगळी एकाच आईची लेकरं वाटावीत अशी, आणि मधोमध एक तळं. तेही खरं तळं नव्हे. अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराबाहेरची शेतं सपाट करून घरं बांधली, तेव्हा छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी जाणार कुठे असा प्रश्न उभा राहिला आणि बिल्डरने नाइलाजाने एक मोठा खड्डा खणला. गटारांतून पाणी त्यात येतं, चार दिवस बसतं, गाळ खाली टाकतं आणि एका लोखंडी जाळीतून हळूहळू नाल्यात जातं. नकाशावर त्याचं नाव ‘डिटेन्शन बेसिन बी’ आहे, म्हणजे शाळा सुटल्यावर पाण्याला शिक्षा म्हणून थांबवून ठेवायची जागा. बेसिन ‘ए’ कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण, मी वसाहतीच्या असोसिएशनचा सेक्रेटरी आहे. निवडणूक होती त्या संध्याकाळी मी लेकीला, सियाला, व्हायोलिनच्या क्लासला सोडायला गेलो होतो. परत आलो तर निवडून आलो होतो.

माझ्या सासूबाई, सरलाबाई, दीड वर्षापूर्वी मार्च महिन्यात नागपूरहून आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यावर माझी बायको उल्का स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. टेलिफोन खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं खुर्चीवर बसून काढली आणि त्याची भरपाई म्हणून की काय, आता त्यांना बसवत नाही. पहिले पंधरा दिवस त्या घरातच फिरल्या. वर, खाली, बेसमेंटमध्ये, पुन्हा वर. मी घरून काम करतो. ऑफिसच्या कॉलवर माझ्यामागून दर चार मिनिटांनी एक निळं स्वेटर जायचं आणि यायचं. शेवटी टीममधल्या एकाने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

बाहेर जायची सोय नव्हती. त्या गाडी चालवत नाहीत, इथे रिक्षा नाही आणि आमच्याकडचा फुटपाथ वसाहतीच्या पाटीपर्यंत जातो आणि विचार बदलल्यासारखा संपतो.

सोळाव्या दिवशी त्यांना तळं सापडलं.

“कसं आहे तळं?” परत आल्यावर मी विचारलं.

“कसलं तळं, बाप्पा! डबकं आहे. आमच्या अंबाझरीपुढे वाटीभर नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या पुन्हा त्या डबक्यावर हजर होत्या. मग रोज. बर्फ पडलं की सियाचे जुने बूट घालून. रोज अकरा फेऱ्या, तळं उजव्या हाताला ठेवून.

उजव्या हाताबद्दल सांगायला हवं. हॅरल्ड नावाचे एक निवृत्त पोस्टमन आहेत, वय ऐंशीच्या आसपास. ते कित्येक वर्षं तळ्याभोवती उलट दिशेने फिरायचे. सासूबाईंना ते रोज अकरा वेळा समोरून आडवे यायचे. आठवडाभर त्यांनी सहन केलं. मग एके दिवशी चौकातल्या हवालदारासारखा हात वर करून त्यांना थांबवलं आणि बोटाने हवेत एक गोल काढून दाखवला. जन्मभर पत्त्यावर लिहिलं असेल तिकडे गेलेला माणूस. तिथल्या तिथे वळला.

“उलटी प्रदक्षिणा घालू नये,” त्यांनी घरी सांगितलं. “म्हाताऱ्या माणसाला कुणी सांगायला नको?”

“आई, ते देऊळ नाहीये,” उल्का म्हणाली.

“मी कुठं देऊळ म्हणून राहिली? पण गोल आहे ना?”

हॅरल्ड वळल्यावर त्यांच्या मागून कुत्रा घेऊन येणारी बाई वळली. मग बाबागाड्या ढकलणाऱ्या दोन आया. मग पळणारे. वर्षभरात अख्खी वसाहत घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायला लागली आणि का, ते एकालाही सांगता आलं नसतं.

एवढं होऊनही सासूबाईंची एक बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. वर टॉवेल, खाली साड्या, कडेला नागपूरच्या फ्लॅटची किल्ली. त्या फ्लॅटमध्ये आता कुणी नाही. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, शेजारचं बिऱ्हाड बंगलोरला. उल्का ती बॅग नुसती बघायची. एकदाच म्हणाली, “तळं नसतं ना, तर आई कधीच गेली असती. एकटी राहिली असती तिथे.”

हे वाक्य मी ऐकलं होतं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे केलं ते ऐकूनसुद्धा केलं.

यंदाच्या सप्टेंबरात विमा कंपनीचं पत्र आलं. तुमच्या आवारात उघडं पाणी आहे, याची तुम्हाला कल्पना आहे का? असोसिएशनचा अध्यक्ष ग्लेन. मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर होता, आता रिटायर झालाय, पण थांबवणं अंगात मुरलेलं. त्याने लगेच ठराव मांडला: तळ्याभोवती सहा फुटी काळं कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. पायवाट कुंपणाच्या आत जाणार. “तशीही ती जागा कुणी वापरत नाही,” ग्लेन म्हणाला. “पोहता येत नाही, होडी चालत नाही, मासे नाहीत.”

मीटिंगला दोन तास होत आले होते. त्या दिवसांत आमच्या कंपनीत रीऑर्ग चालू होतं, म्हणजे कुठली खुर्ची कुठे जाईल आणि खुर्चीत कोण उरेल हे ठरायचं होतं. सकाळी आठला मॅनेजरने ‘क्विक चॅट’ ठेवली होती. टेबलाखाली माझा डावा पाय आपोआप हलत होता. ऑगस्टपासून हलतच होता. ठरावाला कुणीतरी अनुमोदन दिलं की घरी जाता येणार होतं.

“सेकंड,” मी म्हणालो.

घरी काही बोललो नाही. अंतिम मतदान ऑक्टोबरात होतं. तोवर काहीतरी होईल, असं आपण म्हणतो तसं मी म्हटलं.

मधल्या काळात अंतरा आली. पाण्यावर काम करणारी एक छोटी संस्था आहे, तिच्यासाठी ती अभ्यास करत होती: वस्त्यांमधल्या अशा पावसाच्या तळ्यांचं लोकांना काय मोल वाटतं. ग्लेनने आनंदाने परवानगी दिली. त्याला ठरावाला जोडायला आकडे हवे होते. अंतरा एक आठवडा हातात मोजणी यंत्र घेऊन बाकावर बसली आणि मग घरोघर मुलाखती घेत फिरली. आमचं आडनाव पाटीवर वाचून तिचा चेहरा उजळला. इथल्याच कलामाझू गावात जन्मलेली मुलगी. रविवारच्या मराठी शाळेत नऊ वर्षं गेलेली. मराठी अगदी शुद्ध, पण काठोकाठ भरलेला पेला नेल्यासारखी जपून बोलायची.

“मावशी, आपण मराठीतच बोलू. मी भाषांतर करीन,” ती म्हणाली.

सासूबाई खूश झाल्या. चहा झाला, चिवडा झाला. मी पलीकडे काउंटरपाशी लॅपटॉप उघडून कॉलवर होतो, म्यूटवर.

“तुम्ही तळ्यावर कशासाठी जाता?”

“उगीच.”

अंतराचं पेन थांबलं. “उगीच म्हणजे… कारणाशिवाय?”

“हो. अशीच आपली.”

“तळ्यापासून तुम्हाला काय मिळतं?”

“काय मिळणार? मच्छर.”

“आणि तळं नसतं, तर तुमच्या आयुष्यात काय फरक पडला असता?”

“नसतं तर नसतं. कुठं काय अडून राहिलं आहे?” सासूबाई म्हणाल्या आणि बशी पुढे सरकवली. “घे गं, चिवडा तसाच आहे. काही जमला नाही.”

चिवडा उत्कृष्ट होता.

मराठी माणसाचा ज्याच्यावर जीव असतो त्याचा भाव तो आधी पाडून ठेवतो. नजर लागू नये म्हणून, किंवा उद्या गेलंच तर ‘होतं काय त्यात एवढं’ म्हणता यावं म्हणून. माझ्या लग्नाच्या वेळी सासूबाई माझ्याबद्दल ‘चालेल’ म्हणाल्या होत्या. उल्का सांगते, त्या घरात त्याआधी कुणाचं इतकं कौतुक झालं नव्हतं. अंतराने नऊ वर्षांत शुभं करोति शिकलं असेल, समानार्थी शब्द शिकले असतील. हे कुठल्या वर्गात शिकवणार?

मला हे तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात लॅपटॉपमधून मॅनेजर म्हणाला, “केदार, यू देअर?” मी अनम्यूट झालो तो तिकडे. अंतरा आभार मानून गेली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुंपणाचे खांब रोवायला जमीन कशी आहे हे बघायला माणसं आली आणि तळ्याभोवती नारिंगी प्लॅस्टिकची जाळी लावून गेली. पायवाट आठ दिवस बंद.

सासूबाई सात वाजता गेल्या आणि सात वाजून सहा मिनिटांनी परत आल्या.

“बंद आहे,” म्हणाल्या. स्वेटर काढलं नाही.

मग त्या किचनच्या मधल्या ओट्याभोवती फिरायला लागल्या. इथे त्याला आयलंड म्हणतात. ओटा उजव्या हाताला ठेवून. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी सिया शाळेतून आली, पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “बाबा, आज्जी डिड फिफ्टी-वन. मी काउंट केलं. इज शी ओके?”

तिसऱ्या दिवशी त्यांनी फेऱ्यांच्या मधे मधे डबे बदलायला घेतले. मोहरी कॉफीच्या डब्यात, कॉफी पोह्यांच्या, पोहे कुठे ते आजतागायत कळलेलं नाही. फ्रिज पुसला. पुसलेला फ्रिज पुन्हा पुसला. मला त्यांच्या पावलांचा आवाज कॉलवर ऐकू यायचा आणि माझा पाय त्याच तालात हलायचा. घरात सगळेच उभ्याने जेवायला लागलो. का, ते कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी बॅग पलंगाखालून बाहेर आली.

“हवा लागावी म्हणून काढली,” सासूबाई म्हणाल्या. बॅगेवर फ्लॅटची किल्ली ठेवलेली होती. तिलाही हवा लागत होती.

उल्का गॅरेजमध्ये येऊन गाडीला टेकून उभी राहिली. मी कचऱ्याचा डबा बाहेर नेत होतो.

“ती जाळी कशाला लावली आहे रे?”

“कुंपण घालणार आहेत बहुतेक.”

“कोण?”

“असोसिएशन.”

“असोसिएशन म्हणजे कोण?”

या प्रश्नाचं नियमावलीत एक उत्तर आहे आणि गॅरेजमध्ये दुसरं.

“पाच जण,” मी म्हणालो.

“तू काय म्हणालास मीटिंगमध्ये?”

“मी फक्त सेकंड केलं.”

“फक्त.”

“उल्का, मतदान व्हायचंय अजून. आणि विमा कंपनीचं पत्र…”

“आईने काल मला तिकिटाचं विचारलं,” उल्का म्हणाली. “म्हणे, उगीच आपलं, माहीत असावं म्हणून.”

तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बाहेर नेऊन ठेवला. आमच्या घरात भांडण असं होतं.

मतदानाची मीटिंग गुरुवारी साडेसहाला प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात होती. दुसरीतल्या मुलांच्या खुर्च्या. चाळीस मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. उल्काने सासूबाईंना आणलं होतं. “बघायला चल, अमेरिकेत लोकशाही कशी चालते,” असं सांगून. त्या स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसल्या आणि खुर्ची चालते का ते तपासल्यासारख्या दोनदा उठून पुन्हा बसल्या. शेजारी सिया, फोनमध्ये.

अंतराने पडद्यावर अहवाल दाखवला. आठवड्यात चारशे सहा माणसं तळ्यावर आली. लहान, मोठी, कुत्री धरली नाहीत. ग्लेनने भुवया उंचावल्या. त्याच्या हिशेबाने ती जागा कुणी वापरत नव्हतं. मग अंतरा म्हणाली, “एक विशेष निरीक्षण आहे. जवळजवळ सगळे लोक एकाच दिशेने फिरतात. घड्याळाच्या काट्याप्रमाणे. मी अभ्यासलेल्या इतर कुठल्याही तळ्यावर असं दिसलं नाही. कारण अज्ञात. वाऱ्याची दिशा असू शकेल, किंवा उतार.”

“इंटरेस्टिंग,” ग्लेन म्हणाला, म्हणजे पुढे चल. “मुलाखतींकडे येऊ.” आणि त्याने कागद उचलून स्वतःच वाचायला घेतलं. “प्रतिसादक क्रमांक चौदा. तळ्याचा सर्वांत नियमित वापर करणारी व्यक्ती. रोज सरासरी अकरा फेऱ्या. येण्याचं कारण: काही नाही. मिळणारा लाभ: डास. तळं नसतं तर: काहीही फरक पडला नसता.” त्याने कागद खाली ठेवला. “मित्रहो, जी व्यक्ती सगळ्यात जास्त येते तिला जर गरज नाही, तर कुणाला आहे?”

सियाने फोन खाली केला. “ओ माय गॉड,” ती कुजबुजली, पण चाळीस जणांना ऐकू गेलं. “दॅट्स आज्जी.”

सासूबाईंना इंग्रजी समजतं. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत त्यांनी. त्या ताठ बसून होत्या. स्वतःचे शब्द पडद्यावर, परक्या भाषेत, नंबर लावून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाखतीच्या वेळी मी तिथेच होतो हे त्यांना माहीत होतं.

मी मिनिट्स लिहीत होतो. उभा राहिलो तेव्हा पेन हातातच होतं.

“भाषांतरात गडबड आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे ती कारणाशिवाय जाते असं म्हणाली नाही?” ग्लेनने विचारलं.

“शब्द तोच आहे. उगीच. पण उगीच म्हणजे कारण नाही असं नाही. कारण असतं. ते सांगत नाहीत.”

“म्हणजे गुप्त आहे?”

“नाही. म्हणजे…” चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या शेवटच्या क्विक चॅटला मला असाच घाम आला होता. “म्हणजे, मोठं आहे.”

ग्लेनने नम्रपणे वाट पाहिली. अंतरा लाल झाली होती. “मी डिक्शनरीत पाहिलं होतं,” ती मराठीत म्हणाली. “निष्कारण. व्यर्थ.”

“बरोबर आहे गं ते,” सासूबाई तिला म्हणाल्या. “तू नको वाईट वाटून घेऊ.”

“त्यांनाच विचारू या ना,” ग्लेन म्हणाला. माणूस वाईट नाही तो. “मॅडम, तुम्हाला ते तळं आवडतं का?”

सिया उभी राहिली, आजीच्या खांद्यावर हात ठेवून. “आज्जी, ही इज आस्किंग, तुला पाँड आवडतं का?”

उल्काने डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मला लिहायचं होतं. एका ‘हो’चं काम होतं. साधं ‘येस’ चाललं असतं.

“आवडण्यासारखं काय आहे त्यात?” सासूबाई म्हणाल्या.

सियाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने भाषांतर केलं.

“दुसरा बाक बघा तुम्ही. ऐन वाऱ्यात ठेवून राहिले. तिथं माणूस बसतं का? तिसरा बरा, पण त्याच्यावर साडेनऊनंतर ऊन येतं. कासव बघायचं तर दहाला यावं लागतं. ते सव्वादहाला ओंडक्यावर चढतं, त्याच्याआधी नाही. त्याचा कुणी विचार केला?”

“शी सेज बेंच टू इज टू विंडी,” सिया म्हणाली, आणि मग कासव. लोक हसले नाहीत. कुणीतरी म्हणालं, “तिथे कासव आहे?”

“पूर्वेकडच्या घरांकडून पाणी हिरवं येतं. लॉनला काय काय टाकून राहिले लोक, सगळं पावसाबरोबर खाली. पश्चिमेला पाहा, तळ दिसतो. पाणकणसं वाढली आहेत, चांगली गोष्ट आहे, तीच पाणी गाळतात. तर मागच्या जूनमध्ये कुणीतरी कापली. काहून कापली? ऑगस्टात मोठा पाऊस झाला, तेव्हा पाणी तिसऱ्या दगडापर्यंत आलं होतं. एक दगड अजून, तर ते पिवळं दार आहे ना, त्यांच्या तळघरात गेलं असतं.”

पिवळं दार ग्लेनचं आहे. सियाने हे भाषांतर करताना त्याच्याकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं.

“काहून नाही गेलं? नाल्याच्या जाळीत पानं अडकली होती, ती मी काठीनं काढली. रोज काढते. तुमचा माणूस वर्षातून दोनदा येतो, फोटो काढतो आणि जातो. आणि तो लंगडा गूज…”

“व्हॉट?” सिया म्हणाली.

“तो हंस गं, पाय वाकडा असलेला. तो वाटेतच बसतो. त्याला वळसा घालावा लागतो. त्याला कुणी सांगत नाही.”

मागून हॅरल्ड उठले. त्यांना उठायला वेळ लागला. खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी वर आली. “त्या हंसाला या बाई रोज रागावतात,” ते म्हणाले. “कुठल्या भाषेत ते मला माहीत नाही, पण तो ऐकतो. आणि मिस, तुमचा तो वारा आणि उतार…” हे अंतराला. “वाऱ्याचा काही संबंध नाही. मला यांनी वळवलं. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये. हात असा केला.” त्यांनी हवेत गोल काढला. “बायको गेल्यापासून मला कुणी कुठे वळ म्हणून सांगितलं नव्हतं. मी वळलो.”

कुत्रेवाली बाई म्हणाली, “मी हॅरल्डमागून वळले.” बाबागाडीवाली म्हणाली, “मी तुझ्यामागून.” कॅफेटेरियात एक खसखस पिकली आणि ऑगस्टपासून पहिल्यांदा माझा पाय थांबला. अंतरा तिचा अहवाल पालथा घालून त्याच्या पाठीवर भराभर लिहीत होती.

ग्लेनने हातोडी आपटली. त्याच्याकडे खरी हातोडी आहे. “ठीक. या बाईंना नक्की काय हवं आहे? कुंपण हवं की नको?”

सियाने विचारलं. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं.

“घालायचंच असेल तर घाला बाप्पा,” त्या म्हणाल्या. “माझं काय! फक्त फाटक डाव्या बाजूला ठेवा म्हणावं. म्हणजे आत गेलं की पाणी उजव्या हाताला येईल.”

सगळ्यांनी सियाकडे पाहिलं. चौदा वर्षांची मुलगी, मराठीत उत्तर देत नाही म्हणून आम्ही जिच्यामागे लागलेलो असतो. ती माझ्याकडे वळली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी हे ट्रान्सलेट नाही करणार. शी डझंट मीन इट.”

सगळी लोकशाही माझ्यापाशी येऊन थांबली.

“मी माझं सेकंड मागे घेतो,” मी म्हणालो.

“तसं घेता येत नाही,” ग्लेन म्हणाला. “नियम चार, कलम दोन.”

“मग मत विरुद्ध.”

पाच जणांचं मंडळ. ग्लेन आणि आणखी एक बाजूने, मी विरुद्ध, बाबागाडीवाल्या बाईचा नवरा बायकोकडे बघून विरुद्ध, उरले खजिनदार. ते पिवळ्या दाराच्या शेजारी राहतात. त्यांनी विचारलं, “त्या जाळीतली पानं आता कोण काढणार?” सासूबाईंनी सियाच्या मदतीशिवाय, स्वतःच, हात थोडासा वर केला. वर्गात उत्तर येत असूनही मूल लाजत करतं तसा. खजिनदार विरुद्ध.

विमा कंपनीला ‘पोहू नये’ अशा चार पाट्या लावून कळवायचं ठरलं. मिनिट्समध्ये मला माझं मत बदलल्याचं कारण लिहावं लागलं. तो रकाना असतो. मी त्यात इंग्रजी अक्षरांत ‘उगीच’ लिहिलं. ग्लेनने सही केली.

घरी येताना गाडीत सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “खुर्च्या फारच लहान होत्या.” बॅग पलंगाखाली परत गेली. रिकामी झाली नाही. उल्काने वाकून बघितलं. किल्ली मात्र किचनमध्ये, चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला लटकत होती. चहाच्या डब्यात धने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारिंगी जाळी काढायला माणसं आली. आठ वाजता मला मॅनेजरबरोबर बोलायचं होतं. रीऑर्ग संपलं नव्हतं, माझी खुर्ची अजून कुठेही लागली नव्हती. सात वाजता मी बूट घालून तळ्यावर गेलो. पायवाट ओली होती. सासूबाई पश्चिमेच्या बाजूला दिसल्या, त्यांच्या मागे पन्नास पावलांवर हॅरल्ड. मी त्यांना गाठायला निघालो, जवळच्या बाजूने, आणि समोरून त्यांचा हात वर आला.

मी वळलो. पूर्ण फेरी मारून त्यांच्या मागून आलो.

“काम नाही का आज? तुम्ही काहून आले?” त्यांनी न थांबता विचारलं.

सांगण्यासारखं बरंच होतं. जाळीबद्दल, सेकंडबद्दल, चिवडा खाताना मी म्यूटवर होतो त्याबद्दल.

“असाच आलो,” मी म्हणालो. “आपलं…”

त्या आणखी दोन पावलं चालल्या. मग हातातली काठी त्यांनी माझ्याकडे दिली.

“मग ही धरा,” म्हणाल्या. “आठ दिवसांची पानं अडकली आहेत नाल्याच्या जाळीत. तुम्ही वाकता, की मी वाकू?”